खुन्याचा आवाज, परग्रहावरचा सूर

१९३५ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमधल्या अंध वाचकांसाठी एक नवी सेवा सुरू झाली. ग्रंथालयाकडून टपालाने तबकड्यांची पेटी यायची, ती यंत्रावर लावली की कोणीतरी अख्खे पुस्तक वाचून दाखवायचे. पहिल्या महायुद्धात अनेक सैनिकांची दृष्टी गेली होती, आणि मोठेपणी अंध झालेल्यांच्या बोटांना ब्रेल सहजी वळत नसे. सोमच्या लढाईत स्वतः डोळे गमावलेले कॅप्टन इयन फ्रेझर यांनी या कामाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. तबकडी मिनिटाला २४ फेरे घेई, एका बाजूवर सुमारे २५ मिनिटांचे वाचन मावे आणि एका कादंबरीला साधारण १० तबकड्या लागत. सुरुवातीच्या पुस्तकांत जोसेफ कॉनरॅडची ‘टायफून’ होती आणि तिच्या जोडीला अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’.

रहस्यकथा अशी बोलक्या पुस्तकांच्या पहिल्याच पेटीतून घरोघर गेली. आज विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि रहस्यकथा हे तिन्ही प्रकार ऑडिओबुकांच्या जगात ठाण मांडून आहेत. अमेरिकेत २०२३ मध्ये ऑडिओबुकांची उलाढाल २०० कोटी डॉलरच्या घरात गेली, आणि तिथल्या श्रोत्यांच्या आवडीच्या याद्यांत हे प्रकार वर्षानुवर्षे वरच्या ओळींत असतात. कथानक पुढे ओढून नेते म्हणून हे चालते, असे उत्तर सहसा दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. या तिन्ही प्रकारांत लेखक वाचकापासून काहीतरी राखून ठेवत असतो: खुन्याचे नाव, नव्या जगाचे नियम, बोलणारा माणूस आहे की आणखी कोणी. कागदावर हे मौन सहज पाळता येते. आवाजाला ते जमवावे लागते, कारण आवाज तोंड उघडताक्षणी वय, लिंग, प्रांत आणि मनातली भीती सांगून टाकतो. म्हणून या साहित्यात अभिवाचकाचे काम लेखकाच्या कामाला येऊन भिडते. इथे वाचन चुकले तर कथाच चुकते.

रेडिओने आधी वाट करून दिली

आजच्या ऑडिओबुकाच्या आधी रेडिओ होता. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्स यांनी एच. जी. वेल्स यांच्या १८९८ च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’चे रूपांतर सीबीएस रेडिओवर सादर केले. मंगळावरून आलेल्या आक्रमकांची गोष्ट त्यांनी मध्येच तुटणारे नृत्यसंगीत आणि बातमीपत्रांच्या रूपात मांडली. अमेरिकाभर लोक रस्त्यावर धावले, ही त्या रात्रीची कथा वृत्तपत्रांनी फुगवली होती, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पण काही श्रोते खरोखर फसले, तेही त्यांच्या रोजच्या भरवशाच्या आवाजाकडून. विज्ञानकथेला लागणारा ‘हे शक्य आहे’ हा विश्वास वृत्तनिवेदकाच्या सुराने काही मिनिटांत मिळवला होता.

पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत ‘डायमेन्शन एक्स’ आणि ‘एक्स मायनस वन’ या मालिकांनी विज्ञानकथा-मासिकांतल्या कथा रेडिओवर आणल्या. ब्रिटनमध्ये १९५३ साली चार्ल्स चिल्टन यांची ‘जर्नी इनटू स्पेस’ सुरू झाली. संध्याकाळच्या वेळी दूरचित्रवाणीपेक्षा जास्त श्रोते मिळवणारा तिथला हा शेवटचा रेडिओ कार्यक्रम मानला जातो. रहस्याचीही गोष्ट तशीच. १९४७ मध्ये राणी मेरीच्या ८० व्या वाढदिवसानिमित्त बीबीसीने अगाथा ख्रिस्तींकडून एक छोटी नभोनाटिका लिहवून घेतली. ‘थ्री ब्लाइंड माइस’ नावाची ती नाटिका वाढत वाढत १९५२ मध्ये ‘द माउसट्रॅप’ हे नाटक झाली आणि लंडनच्या रंगभूमीवर दशकानुदशके चालत राहिली.

डग्लस अ‍ॅडम्स यांच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ने तर नेहमीचा क्रमच उलटवला. ८ मार्च १९७८ रोजी ती बीबीसी रेडिओ ४ वर मालिका म्हणून सुरू झाली, कादंबरी आली १९७९ मध्ये. पीटर जोन्स यांच्या शांत, समजूतदार आवाजातला ‘गाइड’ विश्वातल्या वाटेल त्या गोष्टीची माहिती देतो, तेव्हा ऐकणाऱ्याला देखाव्याची गरज लागत नाही. एक ग्रह नष्ट करायला रेडिओवर फारसा खर्च येत नाही. चित्रपटाला जे दृश्य उभे करायला अमाप पैसा लागतो, ते इथे दोन वाक्ये आणि एक ध्वनी यांत होते.

तबकडीपासून खिशापर्यंत

तरीही पूर्ण पुस्तक ऐकणे अनेक दशके गैरसोयीचेच राहिले. कॅसेट आली तेव्हा १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ड्यूव्हल हेक्ट यांनी ‘बुक्स ऑन टेप’ सुरू केले, ते मोटारीने दूरच्या कामावर जाणाऱ्यांसाठी. दुकानात विकल्या जाणाऱ्या कॅसेटांत मात्र कादंबरी कापूनच भरली जाई. दोन कॅसेटांत तीनेक तास मावत, त्यामुळे चारशे पानांचे पुस्तक सांगाड्यावर यायचे. रहस्यकथेला ही कात्री सगळ्यात घातक होती. जो तपशील निरुपयोगी वाटून कापला जातो, तोच पुष्कळदा धागा असतो. अद्भुतकथेत तर जगाची बारीक बांधणी हाच गाभा, आणि नेमका तोच आधी उडे.

ही अडचण डिजिटल साठवणीने सोडवली. डोनाल्ड कॅट्झ यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेल्या ‘ऑडिबल’ने १९९७ मध्ये आणलेल्या पहिल्या खिशातल्या यंत्रात जेमतेम दोन तासांचे ध्वनिमुद्रण मावत असे. पुढे आयपॉड आला, स्मार्टफोन आला, आणि २००८ मध्ये ‘अ‍ॅमेझॉन’ने ऑडिबल ३० कोटी डॉलरना विकत घेतली. लांबी हा आता अडथळा उरला नाही, उलट ती आकर्षण ठरली. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’चे ध्वनिमुद्रण ३३ तासांहून मोठे आहे. महिन्याला एक पुस्तक घेण्याची वर्गणी भरणारा श्रोता तेवढ्याच पैशांत आठ तासांची कादंबरी घ्यायची की तेहतीस तासांची, याचा विचार करतोच. जाडजूड अद्भुतमालिकांना ही पद्धत फळली.

परग्रहावरचा जीव बोलतो कसा

विज्ञानकथेला आवाज काय देऊ शकतो, याचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे अँडी वीअर यांची २०२१ ची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’. तिच्यातला रॉकी नावाचा परग्रहवासी शब्दांऐवजी सुरांच्या मेळातून बोलतो. छापील पानावर त्या जागी संगीताची चिन्हे दिसतात, ती वाचक डोळ्यांनी ओलांडून जातो. ऑडिओबुकात तिथे खरे सूर वाजतात, त्यांवर अभिवाचक रे पोर्टर यांचा आवाज येतो, आणि नायक ती भाषा हळूहळू शिकतो तशी ऐकणाऱ्यालाही तिची सवय होत जाते. या ध्वनिमुद्रणाला २०२२ मध्ये ‘ऑडी’ पुरस्कारांत वर्षाच्या सर्वोत्तम ऑडिओबुकाचा मान मिळाला. वीअर यांच्या आधीच्या ‘द मार्शन’चा प्रवासही बोलका आहे. लेखकाने स्वतःच प्रकाशित केलेल्या या कादंबरीचे आर. सी. ब्रे यांनी वाचलेले ऑडिओबुक २०१३ मध्ये आले, मोठ्या प्रकाशनसंस्थेची छापील आवृत्ती त्यानंतर, २०१४ मध्ये.

जॉन स्कॉल्झी यांच्या ‘लॉक इन’ने अभिवाचकापुढे याहून अवघड पेच टाकला. २०१४ च्या या विज्ञान-रहस्यकथेचा निवेदक क्रिस शेन पुरुष आहे की स्त्री, हे लेखकाने कुठेही सांगितलेले नाही. प्रत्यक्ष शरीर अंथरुणाला खिळलेले, वावर यंत्रदेहातून, त्यामुळे कथेला ते सांगण्याची गरजच पडत नाही. कागदावर हे शक्य झाले. आवाजात ते कसे पाळणार? प्रकाशकाने दोन स्वतंत्र ध्वनिमुद्रणे काढली, एक विल व्हीटन यांच्या आवाजात आणि दुसरे अँबर बेन्सन यांच्या. निवड श्रोत्याकडे आली. मजकूर अक्षरशः तोच असताना ऐकणाऱ्यांच्या मनात उभे राहणारे क्रिस मात्र दोन झाले.

आणि स्तानिस्वाव लेम यांच्या ‘सोलारिस’च्या बाबतीत तर ऑडिओबुकाने एका अभिजात कृतीला न्याय दिला. १९६१ मध्ये पोलिश भाषेत आलेली ही कादंबरी इंग्रजी वाचकांना चाळीस वर्षे १९७० च्या भाषांतरातून माहीत होती, आणि ते भाषांतर केलेले होते फ्रेंच भाषांतरावरून. लेम त्यावर नाखूश होते. बिल जॉन्स्टन यांनी थेट पोलिशमधून केलेले भाषांतर २०११ मध्ये तयार झाले, पण छापण्याच्या हक्कांची गुंतागुंत आड आली. ते आधी ऑडिओबुक म्हणूनच बाहेर पडले. विसाव्या शतकातल्या एका थोर विज्ञानकादंबरीचे मुळाशी इमान राखणारे इंग्रजी रूप जगाने प्रथम कानाने वाचले.

नावांचे उच्चार आणि तळटीपांचे मालक

अद्भुतकथेची अडचण वेगळी. तिथले जग भूगोलासकट नवे असते, आणि पानावरचा नकाशा ऐकता येत नाही. नावे, वंशावळी, भाषा, गाणी हे सगळे आवाजातून उभे करावे लागते. जे. आर. आर. टोल्किन यांना स्वतःला याचे भान होते. १९५२ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ला प्रकाशक मिळत नव्हता, तेव्हा ते माल्व्हर्नला मित्र जॉर्ज सेयर यांच्याकडे राहायला गेले. तिथल्या टेपरेकॉर्डरवर त्यांनी हौसेने आपल्या लेखनातले उतारे वाचले, गाणी म्हटली. यंत्रात भूतबीत असेल तर निघून जावे म्हणून आधी गॉथिक भाषेत प्रार्थना म्हटली, अशी आठवण सेयर यांनी सांगितली आहे. ती ध्वनिमुद्रणे १९७५ मध्ये ‘कॅडमन’ या कंपनीने तबकड्यांवर आणली. पुढे १९९० मध्ये रॉब इंगलिस यांनी पूर्ण महाकथा एकट्याने वाचली आणि तिच्यातल्या गाण्यांना चाली लावून ती गायलीही. २०२० च्या टाळेबंदीत अँडी सर्किस यांनी मदतनिधीसाठी ‘द हॉबिट’ एका दमात, सुमारे अकरा तास, इंटरनेटवरून थेट वाचून दाखवली. त्यानंतर त्यांनी ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ नव्याने ध्वनिमुद्रित केली. आता श्रोत्यांत इंगलिसपंथी आणि सर्किसपंथी असे दोन गट आहेत. पहिल्याला आजोबांनी सांगितलेली गोष्ट हवी असते, दुसऱ्याला गॉलम या पात्राचा थरकाप.

एकाच माणसाने शेकडो पात्रे पेलण्याचा विक्रम रॉय डोट्रिस यांच्या नावावर आहे: ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये २२४ आवाज. हॅरी पॉटरच्या अमेरिकी आवृत्त्यांत जिम डेल यांनी एकाच भागात शंभराहून अधिक आवाज काढण्यापर्यंत मजल मारली, तर ब्रिटिश आवृत्तीत स्टीव्हन फ्राय यांनी फार आवाज न बदलता गोष्ट सांगण्यावर भर दिला. मात्र मालिका वर्षानुवर्षे चालली की आवाजांची आठवण टिकवणे कठीण होते. मार्टिन यांच्या मालिकेच्या पाचव्या भागात डोट्रिस यांनी काही ओळखीच्या पात्रांचे आवाज बदलले आणि चाहते नाराज झाले. रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही मालिका मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग या पती-पत्नींनी वाटून वाचली आहे. पुरुषांच्या दृष्टीतून येणारी प्रकरणे तो वाचतो, स्त्रियांच्या दृष्टीतली ती. तिथेही सुरुवातीच्या भागांत एकाच नावाचे उच्चार बदलत राहिल्याचे चाहते अजून सांगतात. म्हणून चांगले निर्माते आता ध्वनिमुद्रणाआधी लेखकाकडून उच्चारांची यादी घेतात.

टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ पुस्तकांत तळटीपा कथेइतक्याच मोलाच्या. ऐकताना टीप कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, हे कळायचे कसे? २०२२ पासून आलेल्या नव्या ध्वनिमुद्रणांत यावर सोपा आणि देखणा तोडगा निघाला. मुख्य अभिवाचक मालिकेनुसार बदलतात, पण तळटीप आली की नेहमी बिल नाय बोलतात आणि मृत्यू हे पात्र आले की पीटर सेराफिनोविच. पानाची रचना आवाजांच्या वाटणीत उतरली.

प्रत्येक पान असे उतरत नाही. रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने जे. के. रोलिंग यांनी लिहिलेल्या ‘द इंक ब्लॅक हार्ट’ या २०२२ च्या रहस्यकादंबरीत एकाच पानावर शेजारी-शेजारी चालणारे ऑनलाइन संवाद आहेत. रॉबर्ट ग्लेनिस्टर हे कसलेले अभिवाचक असूनही एकाच वेळी चालणारे दोन-तीन संवाद कानाला एकामागून एकच मिळतात. कोण कोणाशी, कोणत्या क्षणी बोलत होते, हा तपासाचाच मुद्दा असल्यामुळे श्रोत्याच्या हातून धागा सुटतो.

सुगावा सपाट वाचावा लागतो

रहस्यकथा ऐकणाऱ्याचे काही हक्क हिरावले जातात. शेवटचे पान आधी चाळता येत नाही. डॉक्टर तिसऱ्या प्रकरणात नेमके काय म्हणाला होता, हे बोट ठेवून मागे शोधता येत नाही. तीस सेकंद मागे नेणारे बटण एवढाच आधार. हवेलीचा आराखडा आणि गाड्यांचे वेळापत्रक मनात धरून ठेवावे लागते. त्या बदल्यात श्रोत्याला मिळतो तो काळ. वाचक उत्कंठेने चार ओळी गाळून पुढे जातो, श्रोत्याला अभिवाचकाच्याच चालीने जिना चढावा लागतो.

खरे कौशल्य सुगाव्याच्या वाक्यात असते. ख्रिस्तीसारखी लेखिका महत्त्वाचा तपशील टेबलावरच्या दहा वस्तूंच्या यादीत सातव्या जागी ठेवते. वाचकाचा डोळा यादीवरून घसरतो आणि लेखिकेचा डाव साधतो. कान घसरत नाही, त्याला दहाही वस्तू ऐकाव्या लागतात. अशा वेळी अभिवाचकाने सातव्या वस्तूवर किंचित जरी भार दिला, तरी रहस्य तिथेच फुटते. त्याला शेवट माहीत असतो आणि तरीही माहीत नसल्यासारखे वाचायचे असते. दूरचित्रवाणीवरच्या ‘पॉइरो’ मालिकेत कॅप्टन हेस्टिंग्जची भूमिका करणारे ह्यू फ्रेझर ख्रिस्तीची पुस्तके वाचतात, तेव्हा याच संयमामुळे ते विश्वासाचे वाटतात.

दुसरा पेच अनोळखी खुन्याचा. अनेक कादंबऱ्यांत मध्येच एखादे प्रकरण खुन्याच्या मनातून येते, नाव न सांगता. मराठी लेखक अशा जागी ‘ती आकृती’, ‘ती व्यक्ती’ म्हणून वेळ मारून नेतात आणि पानावर ते निभावते. आवाजात पुरुषी घोगरेपणा आला की निम्मे संशयित बाद झाले. मुरलेले अभिवाचक अशी प्रकरणे कुजबुजत्या, कोणत्याच पात्राकडे न झुकणाऱ्या सुरात वाचतात.

शेरलॉक होम्सच्या कथा कानाला इतक्या का मानवतात, त्याचे कारण डॉ. वॉटसन आहे. सारे काही एका मित्राने सांगितलेले, तेही त्याला त्या क्षणी जेवढे दिसले तेवढेच. बीबीसी रेडिओ ४ ने १९८९ ते १९९८ या काळात क्लाइव्ह मेरिसन यांना होम्स आणि मायकेल विल्यम्स यांना वॉटसन करून ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या, म्हणजे कॉनन डॉयल यांचा सगळा होम्स, नभोनाट्यात आणला. एकाच जोडीने पूर्ण होम्स करण्याचा तो मोठाच उद्योग होता.

ऐकणे हे वाचणे आहे का

‘ऐकले म्हणजे वाचले असे म्हणता येईल का’ हा वाद प्रत्येक भाषेत चालू आहे. २०१६ मध्ये बेथ रोगॉव्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रौढांना एकच मजकूर वाचायला, ऐकायला किंवा दोन्ही एकदम करायला दिला, तेव्हा आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. २०१९ मध्ये बर्कली इथल्या संशोधकांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवले, की शब्दांच्या अर्थाला मेंदू देत असलेला प्रतिसाद वाचताना आणि ऐकताना जवळजवळ सारखाच असतो. दुसऱ्या बाजूचे पुरावेही आहेत. २०१० च्या एका अभ्यासात पाठ्यविषयाचा लेख पॉडकास्ट म्हणून ऐकलेल्या विद्यार्थ्यांना तो वाचलेल्यांपेक्षा बरेच कमी गुण पडले. २०१३ च्या एका अभ्यासात ऐकताना मन अधिक भरकटते असे दिसले.

हे निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. गोष्ट सांगण्याचा ओघ असेल तर कान मागे पडत नाही, दाट माहिती असेल तर पडतो. विज्ञानकथेत हे दोन्ही शेजारी-शेजारी असतात. नायकाच्या जगण्यामरण्याचा प्रसंग एका बैठकीत ऐकून होतो, पण कक्षेचा हिशेब सुरू झाला की स्वयंपाकघरात भाजी परतणारा श्रोता मागचे बटण शोधू लागतो. शिवाय अनेकजण आवडते पुस्तक पुन्हा पुन्हा लावतात. उप्साला विद्यापीठाचे कार्ल बेरग्लुंड यांनी ‘स्टोरीटेल’ या ऑडिओबुक-सेवेवरच्या ऐकण्याच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये पुस्तकरूपाने मांडला, त्यात अशा पुनःश्रोत्यांचा स्वतंत्र वर्गच दिसतो.

बंगालीतला रविवार, मराठीतली शिदोरी

भारतात हे साहित्य कानाने पोहोचवण्याचा सर्वांत यशस्वी प्रयोग बंगालीत झाला. कोलकात्याच्या ‘रेडिओ मिर्ची’ने २००९ मध्ये ‘संडे सस्पेन्स’ सुरू केले. सत्यजित राय यांचा फेलूदा आणि प्रोफेसर शोंकू, शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश, भुतांच्या कथा, परदेशी रहस्यकथांची रूपांतरे असे सगळे त्यात आले. मीर अफसर अली यांच्यासारख्या निवेदकांनी तो आवाज घराघरांत नेला. रेडिओवर सुरू झालेला हा कार्यक्रम पुढे इंटरनेटवरून जगभरच्या बंगाली श्रोत्यांपर्यंत पोहोचला. त्यामागचा विचार साधा आणि पक्का होता: पिढ्यान् पिढ्या वाचलेले साहित्य घ्यायचे, त्याला पार्श्वसंगीत आणि ठरलेला वार द्यायचा.

मराठीकडे अशा कार्यक्रमाला पुरेल एवढी शिदोरी आहे, किंबहुना जास्तच. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांत झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही पात्रे आहेत. गोव्याचे गुरुनाथ नाईक यांनीही हजारावर रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी, अमर विश्वास, दारा बुलंद हे नायक एका पिढीने वाचनालयांच्या रांगेत उभे राहून वाचले. नारायण धारपांनी भयकथेला ‘समर्थ’ हा नायक दिला. रत्नाकर मतकरींनी गूढकथा लिहिल्याच, शिवाय त्या स्वतः श्रोत्यांपुढे सांगितल्याही. विज्ञानकथेत जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली आणि पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘व्हायरस’ असा प्रवास झाला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी ती परंपरा रुंद केली.

कानाने ऐकलेल्या धारपांची ताकद चित्रपटाने सिद्ध केली आहे. राही अनिल बर्वे यांना १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची गोष्ट सांगितली. त्या रात्रीची भीती मनात राहिली आणि तिच्यातून २०१८ चा ‘तुंबाड’ उगवला. पुस्तक हातात नव्हते, होता फक्त सांगणाऱ्याचा आवाज. कीर्तनापासून गणेशोत्सवातल्या कथाकथनापर्यंत महाराष्ट्राला सांगितलेली गोष्ट ऐकण्याची सवय आहेच.

मराठी ऑडिओबुकांचा बाजार खऱ्या अर्थाने वाढला तो स्वीडनची ‘स्टोरीटेल’ नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतात आली तेव्हा. इंग्रजी आणि हिंदीच्या जोडीने पहिल्या दिवसापासून तिच्या यादीत मराठी होती. तिच्याआधी ‘स्नॉवेल’सारख्या मराठी प्रयत्नांनी ध्वनिमुद्रित पुस्तकांची गोडी लावायला सुरुवात केली होती. धारप, शिरवळकर अशा लेखकांचे साहित्य आता फोनवर ऐकायला मिळते, आणि थेट कानासाठी लिहिलेल्या मालिकाही आल्या. स्वीडिश लेखक डॅनियल ओबेर्ग यांची ‘व्हायरस’ ही मालिका मुळात स्टॉकहोममध्ये घडते. निरंजन मेढेकर यांनी तिला मराठीत आणताना पुण्यात वसवले आणि ती ‘व्हायरस पुणे’ झाली. ओळखीच्या पेठा आणि पूल ओस पडलेले ऐकताना येणारी धास्ती स्टॉकहोमच्या नावांनी आली नसती.

पुस्तके मिळू लागली, आता प्रश्न दर्जाचा आहे. रहस्यकथा म्हटली की दर दोन मिनिटांनी ढणढणणारे संगीत आणि प्रत्येक संवादाला धाप लावण्याचा मोह पडतो. धारपांचे भय मात्र साध्या, गृहस्थी वाक्यांतून हळूहळू चढते. ते पहिल्याच परिच्छेदात घाबरवून वाचले तर पुढे चढायला जागाच उरत नाही. नारळीकरांच्या कथांत वैज्ञानिक कल्पना समजावण्याचे परिच्छेद असतात. ते शिक्षकाच्या शांतपणे वाचले की कथा उभी राहते, घाईने उरकले की कोसळते.

हक्क, मोबदला आणि यंत्राचा आवाज

ज्यांच्यासाठी हे सारे सुरू झाले, त्या दृष्टिहीन वाचकांसाठी भारताचा कायदा अनुकूल आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने त्यांच्यासाठी सुलभ प्रत तयार करायला हक्कदाराच्या परवानगीची अट राहिली नाही. २०१४ मध्ये अशाच सुलभ प्रतींसाठीच्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. मुंबईच्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’सारख्या संस्था त्याच्या कितीतरी आधीपासून बोलकी पुस्तके तयार करत आल्या आहेत. अशा पुस्तकांची निवड होताना अभ्यासाची आणि चरित्रांची पुस्तके पुढे जातात, झुंजार मागे राहतो. रंजनाचा हक्कही हक्कच आहे. ब्रिटनने १९३५ मध्ये ख्रिस्ती निवडताना तो मान्य केला होता.

पैशाचा प्रश्न जगभर तापला आहे. अद्भुतकथाकार ब्रँडन सँडरसन यांनी २०२२ मध्ये वाचकांकडून ४ कोटी डॉलरहून अधिक निधी उभारला आणि त्यातून आलेली ऑडिओबुके ऑडिबलवर द्यायला नकार दिला. केवळ आपल्याकडे पुस्तक देणाऱ्याला ४० टक्के आणि इतरत्रही विकणाऱ्याला २५ टक्के, हा ऑडिबलचा हिशेब छोट्या लेखकांवर अन्याय करणारा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २०२४ मध्ये कंपनीने नवी पद्धत पुढे केल्यावर ते परतले. मराठीत वर्गणीच्या पैशांतून लेखकाला, त्याच्या वारसांना आणि अभिवाचकाला किती मिळते, याची चर्चा आता उघडपणे व्हायला हवी.

यंत्राचा आवाजही दारात उभा आहे. ‘अ‍ॅपल’ने जानेवारी २०२३ मध्ये संगणकाने वाचलेली पुस्तके आणली, ऑडिबलनेही त्या वाटेने पावले टाकली. मराठीत यंत्रापुढची पहिली अडचण लिपीतच आहे. ‘चोर’ आणि ‘चंद्र’ यांतला ‘च’ वेगळा, ‘जादू’ आणि ‘जीव’ यांतला ‘ज’ वेगळा, पण अक्षर एकच. ते यंत्र उद्या शिकेलही. मात्र यादीतली सातवी वस्तू सपाट वाचायची, कारण खुन्याने तीच हलवली आहे, हे कळायला शेवट समजून पुन्हा पहिल्या पानावर यावे लागते. तासाच्या दराने कमी खर्चाचे वाचन विकत घेणाऱ्या प्रकाशकाने निदान या तीन प्रकारांत तरी माणसाची निवड करावी.

मराठीत करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेच लगेच होण्यासारखे आहे. मालिकेसाठी एकच अभिवाचक ठरवावा, लेखक हयात असेल तर उच्चारांची यादी त्याच्याकडून घ्यावी, काटछाट न करता पूर्ण पुस्तक वाचावे आणि अभिवाचकाचे नाव लेखकाच्या शेजारी त्याच आकारात द्यावे. अर्नाळकरांचे १९९६ मध्ये निधन झाले, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांचे हक्क २०५६ अखेरपर्यंत वारसांकडे राहतील आणि त्यांच्याशी करार करूनच पुढे जावे लागेल. पण १९२८ मध्ये वारलेल्या नाथमाधवांची ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी केव्हाच खुली झाली आहे. तिच्या ध्वनिमुद्रणाला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. आकाशवाणीची केंद्रे, महाविद्यालयांचे नाट्यविभाग आणि अंधांसाठी वाचणारे स्वयंसेवक यांपैकी कोणीही एक चांगला माइक आणि शांत खोली मिळवून हे काम या वर्षी सुरू करू शकतो.